भिंतीवरची शेवटची दीड वर्षं

जगात नवीन असं काही घडत नाही, ही बातमी हिच्या मामांइतक्या आनंदाने देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या लग्नात मी आठवडाभर खपून, क्षिप्रेचं पाणी आणि हिचं नाव एकत्र गुंफून, एक उखाणा रचला होता. तो घेतला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, ''झालंय आधी!'' नंतर पंगतीत हे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले आणि हाच उखाणा माधव नगरातल्या कुठल्या दोन लग्नांत, कुठल्या नवऱ्यांनी, कोणत्या शब्दाच्या फरकाने घेतला होता ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं. त्यात मला खाली दाखवायचा हेतू मुळीच नव्हता. उलट इतका जुना उखाणा मला आपला आपण सुचला याचं त्यांना मनापासून कौतुक वाटत होतं. ''एकच गोष्ट दोघांना वेगवेगळी सुचते ना जावईबापू, तेव्हा ती चांगलीच असते,'' असं म्हणून त्यांनी आपल्या पानातली एक जिलेबी माझ्या पानात टाकली.

मामांचा धंदाच तो होता. देवासच्या एका औषधाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर माधव नगरातल्या घरी बसून ते इंदूरच्या एका वकिलासाठी पेटंटचे शोध घेत. कुणी म्हणालं, मी अमुक पदार्थ बनवलाय, तो माझा म्हणून नोंदवून द्या, तर तो खरोखर नवा आहे की कुणी कुठल्या देशात, कुठल्या भाषेत आधीच करून ठेवलाय, हे हुडकून काढायचं काम मामांचं. त्यातही सगळी दुनिया त्यांनी अंगावर घेतली नव्हती. त्यांचा प्रांत एकच, अमाइड. अमाइड म्हणजे काय हे त्यांनी मला तीस वर्षांत निदान शंभर वेळा समजावलं. कार्बन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांनी एका ठरावीक रीतीने हात धरायचे असतात, एवढं माझ्या लक्षात राहिलं. पण ते हात कुठे कुठे धरलेले आहेत हे मामांकडून ऐकताना मजा यायची. मिरची झोंबते ती अमाइडमुळे. मिरी घशात लागते ती अमाइडमुळे. तापावरची साधी गोळी अमाइड, डासांपासून वाचायला अंगाला चोपडतात त्यातलं औषध अमाइड आणि वाळत घातलेले कपडे ज्या नायलॉनच्या दोरीवर लोंबतात ती दोरीसुद्धा अमाइडांचीच रांग. ''माणूस सकाळी पोह्यावर मिरची घेतो तिथपासून सुरुवात होते,'' मामा म्हणायचे, ''आणि त्याला वाटतं आपला रसायनशास्त्राशी संबंध नाही.''

जगातल्या प्रत्येक शोधाला वर्गीकरणात एक क्रमांक असतो आणि मामांना तो माणसाच्या नावापेक्षा जवळचा वाटे. सी म्हणजे रसायनाचा मोहल्ला, सी शून्य सात म्हणजे सेंद्रिय पदार्थांची गल्ली, पुढे आणखी एक सी आणि दोनशे तेहेतीस, की आलं अमाइडचं घर. हे त्यांनी नुसतं कागदावर ठेवलं असतं तर ठीक होतं. निवृत्त झाल्याच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी मामींच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि क्रमांक चिकटवले. परिणाम असा झाला, की लाल तिखटाचा डबा आणि तापाच्या गोळ्यांची डबी, दोन्ही दोनशे तेहेतीस असल्यामुळे, एका फळीवर शेजारी शेजारी नांदू लागली. एकदा मला तिथे ताप भरला तेव्हा हिने गोळी मागितली आणि मामींनी डोळे मिटून फळीवर हात घातला तो थेट तिखटात. मामी शिंकत म्हणाल्या, ''यांना बोला जरा, घर आहे की दफ्तर?'' मामा शांतपणे म्हणाले, ''सापडलं ना पण? एकाच फळीवर सापडलं. वर्गीकरण चूक नाही, तुझा हात चूक.''

या बाबतीत त्यांच्या मनात गुरुस्थानी एकच माणूस होता, तो म्हणजे घाटावरचा आमच्या घराण्याचा पंडा. पंड्याला तुम्ही गाव आणि आडनाव सांगा, तो गठ्ठ्यातून नेमकी वही ओढतो, पानं उलटतो आणि तुमच्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ तुमच्यासमोर धरतो. मामा घाटावर जात ते अंघोळीसाठी कमी आणि हे बघण्यासाठी जास्त. ''तो माणसाचा पणजोबा काढतो, मी रेणूचा काढतो,'' असं ते अभिमानाने सांगत. एकदा त्यांनी पंड्याला त्याच्या वह्यांसाठी क्रमांकांची पद्धत करून द्यायची तयारी दाखवली. पंड्याने हात जोडले. ''मामाजी, हमारे यहाँ गाँव ही नंबर है। आप नंबर डाल दोगे तो जजमान अपने ही दादा को ढूँढता रह जाएगा।'' मामांना हा युक्तिवाद इतका पटला की महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते. घरातल्या डब्यांना मात्र तो लागू होतो असं त्यांना वाटलं नाही.

पण मामांच्या घरातली खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे मागच्या पडवीतली भिंत. तिच्यावर त्यांनी खाली वर्षं मांडली होती आणि वर, जगात त्या वर्षी अमाइडांचे किती अर्ज दाखल झाले त्याचे ठिपके. औषधांचे लाल, शेतीच्या उपयोगाचे हिरवे, नायलॉनसारख्यांचे निळे. दर वर्षी संक्रांतीच्या आसपास ते स्टुलावर चढून खडूने रेघ पुढे नेत. ही रेघ माधव नगरात सर्वांना ठाऊक होती. नाक्यावरचा पोहेवाला सोयाबीनच्या भावाची चौकशी करावी तशी चौकशी करी, ''मामाजी, अमाइड का क्या चल रिया है?'' आणि मामा पोह्यावर शेव पसरत गंभीरपणे सांगत, ''दवाई में टिका हुआ है, भिया. खेती में उठ रहा है. हरे पे नज़र रखो.'' पोहेवाला खरोखर नजर ठेवत असावा, कारण एकदा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, की हे हिरवं कुठे विकत मिळतं.

मी पहिल्यांदा ती भिंत पाहिली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. तीनही रेघा वर वर जात होत्या आणि शेवटाला आल्यावर एकदम खाली कोसळल्या होत्या. मी जावयाला शोभेल अशा मवाळ आवाजात म्हणालो, ''मामा, अलीकडे उतरलेच की हो अमाइड.'' मामा खदखदून हसले. मग त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं. अर्ज दिला की तो दीड वर्ष बंद असतो. कुणाला दिसत नाही, मोजता येत नाही. दीड वर्षाने तो उघडतो, तेव्हा कुठे त्याचा ठिपका पडतो. म्हणून कुठल्याही वर्षी, कुठल्याही भिंतीवर, शेवटचा तुकडा पडलेलाच दिसणार. ''नवशिका इथेच फसतो, जावईबापू. त्याला वाटतं संपलं सगळं. अरे, संपलं नाही, अजून उघडायचं आहे. शेवटची दीड वर्षं कधी वाचायची नसतात.''

अशा या माणसाला कारखान्यात उमेदवारीच्या काळात, म्हणजे पंचविशीत, स्वतःचा एक पदार्थ सुचला होता हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेही मामींकडून. आठ महिने राबून त्यांनी तो बनवला. साहेबांना दाखवायच्या आधी स्वतःच ग्रंथालयात बसून शोध घेतला आणि तो एका जुन्या जर्मन पेटंटात, तळटीपेपेक्षा थोड्या मोठ्या अक्षरात, सापडला. त्यांनी तसं साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी पदार्थ फेकायला लावला आणि शोध इतका चोख घेतला म्हणून त्यांची बदली ग्रंथालयात केली. तिथपासून पुढे हजारो लोकांना त्यांनी 'झालंय आधी' हे सांगितलं, हसत हसत सांगितलं. पण प्रत्येक नवा कागद हातात घेताना ते चष्मा पुसत आणि पुटपुटत, ''बघू, हा तरी निघतो का.'' अहवालाच्या शेवटी 'आढळ नाही' असे दोन शब्द लिहायला मिळावेत, एकदा तरी आपल्या हातून खरोखर नवी गोष्ट पुढे जावी, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. मला हे कळल्यापासून त्यांच्या 'झालंय आधी'चा मला कधी राग आला नाही.

त्यांच्या वरच्या मजल्यावर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम भाड्याने राहत. शाजापूरकडच्या, शेतकऱ्याची मुलगी, बोलायला अगदी हळू. चार वर्षं त्या खाली राहणाऱ्या म्हाताऱ्याला जिन्यात नमस्कार करून जात होत्या आणि चार वर्षं त्यांनी आपण काय करतोय हे सांगायचं धाडस केलं नव्हतं, कारण मामा सांगतील 'झालंय आधी' आणि मग काय राहिलं! शेवटी एका दिवाळीत फराळाची थाळी द्यायला आल्या तेव्हा थाळीखाली कागद होता. मिरचीच्या तिखटाची दूरची चुलत बहीण म्हणावी असा एक पदार्थ त्यांनी बनवला होता. खडूच्या भुकटीत मिसळून त्याची चिमूटभर पुरचुंडी गव्हाच्या कोठीत टाकली की किडे फिरकत नव्हते. ''सर, ज़िंदगी में एक ही चीज़ बनाई है,'' मॅडम म्हणाल्या. ''देख लीजिए। पुरानी निकले तो बस धीरे से बता दीजिएगा।''

मामांनी नोव्हेंबर पाहिला, डिसेंबर पाहिला. जपानी पाहिलं, रशियन पाहिलं, बुटांच्या खोक्यांत भरून ठेवलेली आपली जुनी कार्डं पाहिली. सापडेना. मॅडमनी दिलेली पदार्थाची बरणी त्यांनी घरातच लावून बघितली. शरबती गव्हाच्या दोन कोठ्या भरल्या, एकीत पुरचुंडी, एकीत नाही. दुसऱ्या कोठीत किडे झाले, पहिलीत एक नाही. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मी सहज गेलो तर मामा टेबलाशी बसले होते आणि समोर कागदावर दोनच शब्द लिहिलेले होते. ते त्यांनी मला दाखवले नाहीत, वहीने झाकले. ''पोहे खायला चला,'' एवढंच म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोन प्लेट जिलेबी मागवली.

आता इथे एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर घडलं. अर्ज दाखल व्हायच्या आत तुमची वस्तू चारचौघांत पोचली, की ती नवी राहत नाही. स्वतः तुम्हीच वाटली असली तरी. मामा या नियमाचे इतके कडक भक्त होते की एका मुंजीत ही आपल्या मैत्रिणीला नव्या प्रकारच्या चिवड्याची कृती सांगायला लागली तेव्हा ते पलीकडच्या पंगतीतून ओरडले होते, ''तोंड बंद! आधी अर्ज, मग गप्पा!'' मॅडमच्या पदार्थाबद्दल तर त्यांनी मामींनासुद्धा अवाक्षर सांगितलं नव्हतं. बरणीवर क्रमांक होता, दोनशे तेहेतीस. मामींनी विचारलं, हे काय, तर म्हणाले, ''काही नाही ते.''

अर्ज सोमवारी दाखल व्हायचा होता. शनिवारी मामा आणि मॅडम सकाळीच इंदूरला वकिलाकडे शेवटचा मजकूर वाचायला गेले, आणि त्याच शनिवारी दुपारी मामींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी हिला सोडायला गेलो आणि पडवीत वर्तमानपत्र घेऊन बसलो. माधव नगर, नानाखेडा, सगळीकडच्या आपल्या मराठी बायका आल्या. तिळगूळ झाला, ओटी झाली, वाण लुटून झालं. साडेतीनला शेवटची बाई गेली आणि चारला मामा आले. समोर ही बसली होती आणि तिच्या मांडीवर लाल कापडाची, दोऱ्याने शिवून बंद केलेली इवलीशी पुरचुंडी होती.

''काय गं हे?'' मामांनी विचारलं.

''वाण,'' ही म्हणाली. ''गव्हात ठेवायचं. मामींची कल्पना बघा कशी छान आहे! दर वर्षी काय त्या प्लास्टिकच्या डब्या.''

मामी कौतुकाच्या अपेक्षेने पदर सावरत बाहेर आल्या. ''मी सोचलं, यंदा काही कामाचं द्यावं. तुमच्या त्या बरणीतलं आपल्या कोठीत किती मस्त चाललंय! बावीस शिवल्या बसून.''

मामा खुर्चीत बसले नाहीत, जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांच्या मागे मॅडम उभ्या होत्या. त्यांना मराठी बोलता येत नसलं तरी कळत होतं. हातातली फाइल त्यांनी छातीशी धरली. मामा उठले. ''कोण कोण आलं होतं, नावं सांग,'' ते मामींना म्हणाले. ''शिवण उसवायच्या आत सगळ्या परत आणायच्या. गाडी काढा जावईबापू.''

''वाण परत?'' मामी हादरल्या. ''अहो, वाण वापस घेतात का कधी? लोक काय बोलतील!''

हा पेच कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. मग मामीच आत गेल्या आणि नातवाच्या मुंजीत द्यायला आणून ठेवलेल्या स्टीलच्या वाट्यांची चळत घेऊन आल्या. ''वापस नाही मागायचं. बदलून द्यायचं. बोलणं मी करीन, तुम्ही फक्त उभे राहा.''

हिच्या पुरचुंडीपासून सुरुवात झाली आणि माझ्या लहानशा गाडीतून आम्ही चौघं निघालो. पुढे मामा, मांडीवर यादी. मागे मामी, वाट्या आणि मॅडम. पहिल्याच घरी सबनीस काकू. माधव नगरात शकुन-अपशकुन ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. ''वाण बदलायचं? असं नाही करत हो,'' त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. ''अपशकुन होतो.'' मामी म्हणाल्या, ''काकू, माझ्याच हातून राहून गेलं, वाणात धातू पाहिजे म्हणतात ना यंदा!'' असं कुणीही म्हटलेलं नव्हतं. पण काकूंना आपल्याला न कळता असा नियम निघाला हे कबूल करवेना, म्हणून त्यांनी मुकाट्याने देवघरातून पुरचुंडी आणून दिली. ती देवासमोर ठेवलेली होती हे ऐकून मामा गाडीत बसता बसता मला म्हणाले, ''देवाला कळलं तर हरकत नाही. तो कुठे छापायला जातोय!''

तिसऱ्या घरी घोटाळा झाला. तिथल्या वहिनींनी हे काय आहे म्हणून पुरचुंडी नाकाला लावली होती आणि दहा मिनिटं शिंकत होत्या. शिवण शाबूत होती. पण शिंक म्हणजे पदार्थ उघड झाला का? मामांनी फाटकातूनच वकिलाला फोन लावला आणि अतिशय गंभीरपणे परिस्थिती मांडली. पलीकडून हसण्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. ''मामाजी, छींक से फ़ॉर्मूला नहीं निकलता। थैली ले लो और आगे बढ़ो।'' मामांनी तरीही यादीत त्या नावापुढे 'शिंक' असं नोंदवलं. वकिलापासून काही लपवायचं नसतं, ते म्हणाले.

सव्वासहापर्यंत एकवीस पुरचुंड्या मामांच्या मांडीवर जमल्या. बाविसावी घेतलेल्या दाते काकू नानाखेड्याला राहत. त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, त्या लेकीकडे पुण्याला निघाल्या, साडेसहाची बस. मामांनी घड्याळ पाहिलं. ''पुण्यात उघडली, तर रविवारी चार घरांत आणि सोमवारी वाचकांच्या पत्रव्यवहारात येईल,'' ते म्हणाले, आणि मी गाडी बसस्टँडकडे पिटाळली.

बस सुटायला आलेली. मामा सत्तरी उलटलेले, पण पायरी चढून आत गेले ते बघण्यासारखं होतं. कंडक्टरने अडवलं. ''कहाँ, बाबूजी? टिकट?'' मामा म्हणाले, ''जाना नहीं है. एक चीज़ वापस लेनी है.'' ''क्या चीज़?'' ''वो बता नहीं सकते.'' झालं. सगळी बस मान वळवून बघायला लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ''अरे बता दो भिया, हम किसी को नहीं बोलेंगे.'' मामा आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते आणि खरं बोलायची सोय नव्हती, त्यामुळे ते ओठ मिटून आणि हात जोडून बसच्या मधोमध उभे राहिले. तेवढ्यात मागून मामी चढल्या, सहाव्या रांगेतल्या दाते काकूंच्या हातात स्टीलची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, ''काकू, तुमची वाटी राहिलीच होती. ती पुरचुंडी द्या, तिच्यात गडबड झाली.'' दाते काकूंनी पिशवीतून ती काढून दिली. शिवण तशीच होती. ''मी लेकीला देणार होते,'' त्या हिरमुसून म्हणाल्या. ''तिच्याकडे गव्हाला फार किडे पडतात.'' मामा म्हणाले, ''काकू, ही तुमचीच आहे. मी सांभाळून ठेवतो. वेळ झाली की तुमच्या हातात आणून देईन.'' आणि त्यांनी खिशातून पेन काढून लाल कापडावर तिथेच काकूंचं नाव लिहिलं.

परतताना बावीस पुरचुंड्या मांडीवर घेऊन बसलेले मामा मागे न वळता म्हणाले, ''चूक माझी आहे. तुला सांगायला हवं होतं.''

''मला सांगितलं असतं तर कुठे बोलले असते का?'' मामी म्हणाल्या. ''तुमचा तो जर्मन कागद. इतकी वर्षं घराबाहेर कुणाला कळू दिलं मी?''

मग मामांनी घर येईपर्यंत त्यांना सगळं सांगितलं, पदार्थ काय, क्रमांक काय, सोमवारी काय होणार. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि मॅडमचा हात हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, ''बेटा, पेपर पे तेरा नाम बराबर लिखा है ना? वही ज़रूरी है.'' मॅडम तेव्हा रडल्या.

सोमवारी अर्ज दाखल झाला. मॅडमना त्यात मामांचंही नाव घालायचं होतं. मामा रागावले. शोधणारा वेगळा आणि शोध लावणारा वेगळा, एवढंही कॉलेजात शिकवत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. अर्ज उघडेपर्यंत पुरचुंड्याही कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत असं त्यांनी ठरवलं, आणि मग दीड वर्षाची वाट सुरू झाली.

त्या दीड वर्षात मामा उतरत गेले. आधी पाय गेले, स्टुलावर चढणं बंद झालं. मग नावं जायला लागली. क्रमांक राहिले, पण तेही इकडचे तिकडे. हिला एकदा त्यांनी मोठ्या प्रेमाने नायलॉनचा क्रमांक सांगून हाक मारली. पोहेवाला घरी पोहे घेऊन यायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. भेटायला येणारी माणसं बाहेर पडताना हळू आवाजात म्हणायची, ''किती उतरले हो मामा!'' मामी त्यांना चप्पल घालू देत नसत, आधी उत्तर देत, ''हे बघू नका. शेवटची दीड वर्षं वाचायची नसतात.'' मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

अर्ज जुलैत उघडायचा होता. मामा जूनमध्ये गेले.

जुलैत एका सकाळी मॅडम लॅपटॉप घेऊन खाली आल्या. मी आणि ही तिथेच होतो. पडद्यावर तो क्रमांक होता, सी शून्य सात सी दोनशे तेहेतीस, आणि खाली त्यांचं नाव, बरोबर लिहिलेलं. मामींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग विचारलं, ''म्हणजे भिंतीवर येईल हे?'' मॅडम म्हणाल्या, ''हाँ आंटी। एक बिंदी बढ़ेगी।'' मामींनी हिरवा खडू काढला. मी स्टूल धरलं. पडलेल्या रेघेच्या शेवटाला, अगदी जरासा वर, त्यांनी एक ठिपका दिला आणि उतरून तो लांबून बघितला.

पुढच्या संक्रांतीला मामी काहीच करणार नव्हत्या. आता मी कसलं हळदीकुंकू करणार, आणि माझ्या हातचं वाण कोण घेणार, असं त्या म्हणाल्या. त्या शनिवारी दुपारी सबनीस काकू आल्या, मागून शिंकणाऱ्या वहिनी, मग पुण्याहून आलेल्या दाते काकू, आणि बघता बघता घर भरलं. ''आमचं वाण दोन वर्षं तुमच्याकडे अडकलंय,'' सबनीस काकू म्हणाल्या. ''ते द्या आधी. शकुनाचं मी बघते.'' त्यांनी स्वतःच्या हाताने मामींना हळद लावली आणि कुंकूही लावलं. मामींनी आतून बुटाचं एक खोकं आणलं. झाकण उघडलं तर त्यात बावीस लाल पुरचुंड्या, गल्लीप्रमाणे आणि घराप्रमाणे लावलेल्या. प्रत्येकीवर त्या त्या बाईचं नाव होतं, मामांच्या बारीक अक्षरात, आणि खाली दोन शब्द, 'झाल्यावर परत'. क्रमांक एकीवरही नव्हता.

हिची आमच्या कोठीत आहे. तिच्यावरचं नाव आता थोडं पुसट झालंय, पण वाचता येतं. गव्हाला अजून किडा लागलेला नाही.